जुन्या आडाचा श्वास

४ मार्च १९४४, शनिवार
स. ७ – खाली. ११ – स्थिर, मग वर. दु. ३ – वर, जोरात.
आज पंधरावा दिवस, रोज हेच. आडाच्या तोंडावर वेताची काठी आडवी टाकून तिला मलमलीची चिंधी बांधली आहे. सकाळी ती आत ओढली जाते, दुपारी वर उडते. तळवा धरला की कळते. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी हात नेल्यावर लागते तसे.
मळ्यावर पाऊस, ऊन आणि पारा लिहिण्यात बारा वर्षे गेली. श्वास लिहायची ही पहिलीच वेळ. डॉ. चिटणीस साहेबांना द्राक्षांसाठी या आडाचे पाणी हवे आहे. त्याआधी आतली हवा कशी वागते ते कळले पाहिजे म्हणतात.
हुसेन गवंडी मोजणीला आला होता. आड नऊ पुरुष खोल, म्हणजे एकावर एक नऊ माणसे उभी राहतील एवढा, तळाला गुडघाभर पाणी, सहाव्या पुरुषाला भेग. गाळ काढून भेगेखालून दगडी बांधकाम करायचे. हुसेनने वाकून पाहिले, टोपी नीट केली. म्हणाला, "आवं भाऊ, माज्या आज्यानं ह्या मळ्यातल्या समद्या हिरी बांदल्या. ह्येच्यात तेवडा हात घातला न्हाई."
"का?"
"म्या इचारलं न्हाई. आन् त्यानं सांगितलं न्हाई."

९ मार्च, गुरुवार
उपास. सकाळी जप झाला, मग नोंदी.
साहेबांनी वही मागितली. बराच वेळ चाळत होते. मग म्हणाले, "जाधव, तुम्ही रकाने उलटे भरलेत." समजावून दिले. पहाटे बाहेर गार असते, आत ऊब. ऊबदार हवा हलकी, ती वर यायची. दुपारी आत गार, गार हवा जड, ती तळाशी बसायची आणि बाहेरची तिच्या मागोमाग आत जायची. म्हणजे सकाळी वर, दुपारी खाली. तुमचे नेमके उलटे आहे.
मी म्हणालो, चिंधी तशीच हलते साहेब.
ते रागावले नाहीत. ते रागावत नाहीतच. म्हणाले, "काठीच्या कोणत्या बाजूने बघता त्यावर आहे ते. पुण्याला स्वच्छ प्रत पाठवायचीय. रकाने दुरुस्त करून द्या."
मी व्हर्नाक्युलर फायनल. ते विलायतेहून पदवी घेऊन आलेले. भल्या मनाचे आहेत. गेल्या साली मला हिवताप झाला तेव्हा स्वतः औषध घेऊन खोलीवर आले होते.

१० मार्च, शुक्रवार
दिवसभर नक्कल. वर होते तिथे खाली, खाली होते तिथे वर. अक्षर चांगले आले. कच्ची वही फेकवली नाही, ट्रंकेत ठेवली.

१४ मार्च, मंगळवार
सांगलीहून प्रोफेसर आगटे आले. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. साहेबांच्या वडिलांचे मित्र, त्यामुळे नाही म्हणता येईना. छत्री, तपकिरीची डबी, पुस्तकांचा बोजा. शास्त्रज्ञ निष्कर्ष कसे काढतात यावर ग्रंथ लिहीत आहेत. म्हणाले, "तीस वर्षं शास्त्र म्हणजे काय हे शिकवलं, जाधवराव. शास्त्रज्ञ काम करताना मात्र एकदाही पाहिला नाही. लाज वाटली."
हुसेनने मला बाजूला घेऊन विचारले, ह्ये काय काम करत्यात?
शास्त्रज्ञ विचार कसा करतात याचा विचार करतात, म्हणालो.
"म्हंजी म्हशीमागं गुराखी, आन् गुराख्यामागं ह्ये."

१६ मार्च, गुरुवार
व्हरांड्यात चहा. प्रो. आणि सा. यांची जुंपली. मी पारा लिहीत होतो, ऐकू येत होते.
प्रो.: "एवढंच सांग, अनंता. तुझं म्हणणं चुकलं हे तुला कशानं पटेल?"
सा.: "काका, पोहणारा पाण्याचं तत्त्वज्ञान करत बसला तर बुडतो."
"आणि जो खोली विचारत नाही, तो?"
"तो आधी पलीकडे पोचतो."
दोघेही हसले. नंतर साहेब मला म्हणाले, "चुलीवर भात आहे, आणि हे शेजारी बसून विचारतात, भूक म्हणजे काय. पण माणूस मोठा आहे हं, जाधव."

१८ मार्च, शनिवार
स. ७ – (लिहायला थांबलो.)
आज चिंधी वर गेल्यासारखी दिसली. डोळे चोळले, दुसऱ्या बाजूने पाहिले. खाली होती. पुन्हा पाहिली तर वर. मग कोणत्या बाजूला काय, हेच सांगता येईना. आठ दिवस उलटे लिहून नजर उलटली की काय? डोळे मिटून तळवा धरला. हवा आत जात होती. तळव्याला वाचता येत नाही, म्हणून तो खरे सांगतो.
नोंद 'वर' केली. पुण्याला तशीच गेली आहे, आता इथे वेगळी कशी ठेवू.

१९ मार्च, रविवार
घरून पत्र. उंब्रजला सगळे ठीक. पुतण्याचे फौजेतून अडीच महिने पत्र नाही. आईने दिव्यात दोन वाती लावायला सुरुवात केली आहे.
दुपारी मळा सुना. आडाजवळून गेलो, त्याची श्वास सोडायची वेळ होती. वास येतो, ओल्या राखेसारखा. खालून एक आवाजही, दाराच्या फटीतून वारा येतो तसा, पण मध्येच थांबतो. थांबला की आपलाही श्वास थांबतो, मग लक्षात येते.

२१ मार्च, मंगळवार
हुसेनचे काम सुरू झाले. रहाटावर दोन गडी. गड्यांनी नारळ, हळदकुंकू केले, हुसेनने आपले बिस्मिल्ला म्हटले. मग पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडला. जळत राहिला. वर घेतला.
इकडची रीत अशी : कंदील सकाळी एकदा. जळला तर दिवसभर उतरायला आडाची परवानगी. दोनदा विचारायचे नाही. दोनदा विचारले तर आडाला वाटते आपल्यावर भरवसा नाही. मला हे पटते. देवालाही कौल एकदाच लावतात. शिवाय रॉकेल चिठ्ठीवर मिळते, तेही वेळेवर नाही.
हुसेन सकाळी तीन तास खाली राहिला. वर आल्यावर म्हणाला, खाली लय गार हाय, बायकूला सांगू नका, हितंच येऊन बसंल, उन्हाळाभर माहेरी जायची न्हाई.

२३ मार्च, गुरुवार
प्रोफेसर खोलीवर आले, तपकीर विसरली होती म्हणाले. ट्रंक उघडी होती. त्यांनी कच्ची वही उचलली, पाने उलटली, मग स्वच्छ प्रतीशी लावून पाहिली. मी वही परत घ्यायला हात पुढे केला.
ते मात्र हर्षाने लहान मुलासारखे झाले. "जाधवराव, हे तुम्ही पाहिलं, आणि ते तुम्ही लिहिलं! अहो हेच. हेच मी तीस वर्षं तोंडानं सांगत आलो आणि कधी हातात धरलं नाही." दोन्ही पानांची नक्कल करून घेतली, ग्रंथात घालणार. साहेबांना सांगू नका म्हणाले, बघू या तो किती दिवस आपल्या म्हणण्याला चिकटतो.
मी हो म्हटले. त्या वेळी हुसेन आडात होता. ते ना त्यांच्या लक्षात होते ना माझ्या.

२५ मार्च, शनिवार
साहेबांनी कामाची वेळ बदलली. प्रतीतले रकाने हुसेनला दाखवून म्हणाले, "सकाळी आतली खराब हवा वर येते, तेव्हा उतरू नकोस. दुपारी बाहेरची ताजी हवा आत जाते. सोमवारपासून दोन वाजता उतर." काळजीपोटीच म्हणाले.
हुसेनने माझ्याकडे पाहिले. "भाऊंनीच लिवलंय न्हवं? मग बरुबर असंल."
मी मान हलवली. कशी हलवली माहीत नाही.

२६ मार्च, रविवार
आडातले पारवे पाहत बसलो. आतल्या कोनाड्यांत वीसपंचवीस आहेत. साडेदहाच्या सुमाराला सगळे एकदम बाहेर येतात, साडेचार-पाचला परततात. बारा वर्षे पाहतो आहे. चरायला जातात असे समजत होतो. आज चिंधीही पाहिली. ती वळायच्या जरा आधी पारवे निघतात.
सांजेला पोथी उघडली, एक ओवी पुढे सरकली नाही. साहेबांना सांगायला गेलो. दिवा होता, लिहीत होते. दारातून परत आलो.

२७ मार्च, सोमवार
कंदील सकाळी सोडला, जळला. हुसेन दुपारी दोनला उतरला.
मी चिंधीपाशी उभा. ती सरळ वर, ताठ. ओरडायचे होते. चार मिनिटांत दोराला एकच झटका आला, वर घ्या म्हणायला नेहमी दोन असतात. ओढा म्हणालो. सहाव्या पुरुषापाशी दोर जड झाला. वर आला तेव्हा ओठ जांभळे, मान एका बाजूला. गड्यांनी पाणी मारले. डोळे उघडले, आमच्याकडे बघून म्हणाला, "काय रं, मयताला आल्यावानी उभारलाय?" मग ओकला.
मी तिथून सरळ साहेबांकडे. कच्ची वही पुढे ठेवली. म्हणालो, हे खरे आहे, प्रत खोटी आहे, आणि खोटी मी लिहिली.
त्यांनी पाने पाहिली. मग पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला बसले.

२८ मार्च, मंगळवार
साहेब म्हणाले, कंदील आत्ता, दोन वाजता सोडा. गडी मागे सरले. सकाळी सोडून झाला होता. हुसेन कडेला घोंगडीवर पडून होता, तो म्हणाला, "सोडा रं. रुसला तर माज्यावर रुसंल, काल वळख झालीया."
साहेबांनी स्वतः सोडला. तिसऱ्या पुरुषाला ज्योत निळी झाली, चौथ्याला गेली. कुणी फुंकल्यासारखी नव्हे. कुणी बोटांनी चिमटल्यासारखी.

३१ मार्च, शुक्रवार
तीन दिवस साहेब दाबमापकाचा पारा आणि चिंधी यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसले आहेत. दाढी केलेली नाही. आज मला बोलावले. हवेचा दाब, जाधव, उष्णता नव्हे. पारा उतरू लागला की आड सोडतो, चढू लागला की घेतो. दहापर्यंत चढतो, मग चारपर्यंत सुतभर उतरतो. खाली खडकात मोठी पोकळी असणार. तिथली हवा कोंडलेली, मेलेली, ती दुपारी बाहेर येते. तुमची कच्ची वही ओळन् ओळ जुळते.
पुण्याला पत्र लिहिले : चूक माझी, निरीक्षकाची नाही. मला वाचून दाखवले. मी पाया पडलो, तर पाय मागे घेतले.

२ एप्रिल, रविवार
प्रोफेसर आज सांगलीला परत. निघताना पुन्हा व्हरांडा.
"पाहिलंस अनंता? एका वहीनं सिद्धांत पाडला."
"सिद्धांत काय, पडतो आणि उठतो, काका. हुसेन पडला असता. तुम्हाला चार दिवस आधी माहीत होतं."
प्रोफेसरांनी तपकिरीची डबी उघडली, न ओढताच मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "हो. मला ते उदाहरण वाटलं."
टांग्यात बसल्यावर पुन्हा सवयीने विचारलेच, आता हे दाबाचं म्हणणं कशानं सोडशील? साहेब म्हणाले, "तुम्ही स्टेशनात पोचल्यावर कळवतो."

६ एप्रिल, गुरुवार
नवा नियम. पारा चढता असेल तेव्हाच उतरायचे, दहाच्या आत वर. आज तिसरा दिवस, सगळे सुरळीत. पारवे, पारा, चिंधी एका तालात. जपाला बसलो की तोच ताल मनात येतो. घेतो, सोडतो. पृथ्वीलाही प्राण दिला आहे त्याने, असे वाटून बरे वाटते. नेहमी नाही वाटत.

११ एप्रिल, मंगळवार
साहेब सकाळच्या गाडीने पुण्याला गेले, रविवारी येतील. जाताना : "पारा बघा, बाकी काही बघायची गरज नाही आता."
हुसेनचे बांधकाम भेगेपर्यंत आले. दोन फळ्यांचा धिरा देऊन दगड तोलून धरले आहेत. शेवटचा थर बसला की दगड एकमेकांना धरतील, धिरा काढता येईल.

१३ एप्रिल, गुरुवार
स. ७ – वर.
पारा चढता. नेहमीसारखा, केसाचाही फरक नाही. चिंधी वर. तळवा धरला. हवा बाहेर येत होती. बाहेर वारा नव्हता, शेवग्याचे पान हलत नव्हते.
कंदील सोडला. तळापर्यंत जळला, पिवळा, स्थिर.
म्हणजे पारा हो म्हणतो, कंदील हो म्हणतो, चिंधी नाही म्हणते. हुसेनला आज नको म्हणालो.
११ – वर. ३ – वर. सांजेला ६ – वर.
पारवे सकाळी गेले ते परतले नाहीत.

१४ एप्रिल, शुक्रवार
स. ७ – वर. पारा चढता. कंदील जळतो.
पुन्हा नको म्हणालो. हुसेन नमाजाला जाण्याआधी कडेला उकिडवा बसला. "भाऊ, धिऱ्याची एक फळी सरकाया लागलीया. खाली पाणी वाढतंय. थर बसला न्हाई तर समदं माज्या हातचं खाली जाईल, आन् भेगंचं तोंड बुजंल. मग आड ग्येला."
साहेब येईपर्यंत थांब म्हणालो.
"सायेब रयवारी येनार. फळीला रयवार कळतुय व्हय?"
"कंदील जळतो म्हणून काय झालं? चिंधी बघ की."
"चिंधीच ती. तुमी तिला लय ऐकताय. मागं बी ऐकलं आसतं तर."
ते त्याने हसून म्हटले. मला हसू आले नाही.
प्रोफेसरांचे पत्र आले. प्रकृती बरी, ग्रंथ चालू. हुसेनला त्यांनी दंडवत लिहिला आहे. खाली : दाबाच्या नियमात न बसणारे काही आढळले तर अवश्य कळवावे, ते खोडू नये. पत्र कोनाड्यात ठेवले. काय कळवू? त्यांच्याकडून उत्तर येईल ते प्रश्नच असेल.
साहेब इथे असते तर खुर्ची टाकून बसले असते. तीन दिवसांनी उठून सांगितले असते. ते तीन दिवस कुठून आणू?
११ – वर. ३ – वर. ६ – वर.
दोन दिवस नुसता सोडतो आहे. घेत नाही. इतके घेतले कधी होते? पन्नास-पंचावन्न दिवस मी लिहितो आहे, जेवढे आत गेले तेवढेच बाहेर आले, माणसाचे असते तसे. माणूस शेवटी एकदा नुसता सोडतो, ते मी वडिलांच्या उशाशी पाहिले आहे. पण ते एका श्वासाचे काम. हे दोन दिवस चालले आहे, आणि जोर कमी होत नाही.
राखेचा वास गेला. आता कसलाच वास येत नाही.

१५ एप्रिल, शनिवार
आडाच्या काठावर बसून लिहितो.
स. ७ – वर. पारा चढता. कंदील आत्ताच वर घेतला, काच स्वच्छ, काजळीसुद्धा नाही.
पहाटे एक दगड खाली गेल्याचा आवाज गड्यांनी ऐकला. मीही ऐकला. पाण्यात पडल्याचा आवाज मात्र कुणालाच आला नाही. हुसेन आला तोच कमरेला दोर बांधून. म्हणाला, "आज मी तुमास्नी उतरू का म्हून इचारायला आलो न्हाई. सांगाया आलोय."
मी म्हणालो, दोनदा तू माझ्या शब्दावर राहिलास. पहिल्यांदा माझ्या खोट्या शब्दावर. आता खरा शब्द माझ्याकडे नाही. हो की नाही ठरवायला ना मी साहेब, ना प्रोफेसर.
"मग?"
तोंडाशी चिंधी वर जाते. पण भेगेपाशी ती कशी वागते हे कुणी पाहिलेलेच नाही. आम्ही सगळे आजवर आडाच्या ओठावरून त्याचे पोट लिहीत आलो. कदाचित तोंडाशी वर आणि खाली आत, असेही असेल. कदाचित तिथे काहीच हलत नसेल. कंदील चांगल्यावाईट हवेचे सांगतो, वाट सांगत नाही.
त्याच्या कमरेचा दोर सोडून माझ्या कमरेला घेतला, आज मी उतरतो म्हणालो. हुसेन शिव्या घालायला लागला. पन्नाशीच्या म्हाताऱ्या, पाय लटपटतील, तुला दोन झटके द्यायचे तरी सुचतील का, वगैरे. अरेतुरेवर आला, पहिल्यांदाच. गाठ मात्र त्यानेच बांधली, आणि दोनदा ओढून पाहिली.
सहाव्या पुरुषापर्यंत जाणार, त्याच्या पुढे नाही. दुसरी चिंधी काठीसकट बरोबर घेतली आहे. भेगेपाशी धरायची, बघायचे, वर यायचे. मग हुसेनला हो किंवा नाही सांगायचे, जे दिसेल तेच.
नाव घेतले आहे. मन नवल वाटावे इतके शांत आहे. आतून येणारी हवा पायांच्या तळव्यांना लागते, मोठी, एकसारखी, कोमट.
वही हुसेनकडे देतो. त्याला म्हणालो, आजचा सकाळचा रकाना पुरा झालेला नाही, पान उघडे ठेव, मिटू नकोस. वाऱ्याने उलटू नये म्हणून त्याने त्यावर चुना लावायची आपली करणी ठेवायला घेतली आहे. आता लिहू देत नाही